नग चौऱ्याऐंशी

धोंडूकाकांच्या खोलीत एकही खिळा नव्हता.

कॅलेंडर सुतळीला, आरसा सुतळीला, देवाची तसबीर सुतळीला. खिडकीच्या गजापासून माळ्याच्या लोखंडी पट्टीपर्यंत दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांवर सगळा संसार लटकलेला. शर्ट, पिशव्या, छत्री, झारा, लाइटबिलांचा गठ्ठा. पंखा लावला की सगळी खोली हळूहळू झुलायची. माझ्या सासूबाई एकदाच तिथे चहाला गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "बोटीत बसल्यासारखं वाटलं गो बाय. मळमळलं."

दिवा गावातल्या आमच्या चाळीत त्यांची खोली आमच्या भिंतीला लागून. चाळीस वर्षं त्यांनी मांडव घालण्याचं काम केलं. लग्नं, बारशी, पूजा, पुढाऱ्यांच्या सभा. साठी उलटली तरी बांबूवर सरसर चढायचे. खिळ्याचा विषय निघाला की म्हणायचे, "खिळा ठोकला की माणूस तिथला झाला. आपण मांडवाची माणसं. सुटता आलं पाहिजे." हे बोलताना त्यांना त्याच खोलीत बावीस वर्षं झाली होती. बायको जाऊन आठ. मूलबाळ नाही.

त्यांच्यासमोर मांडव 'मोडला' म्हटलेलं चालायचं नाही. "मोडतात लग्नं. मांडव सोडतात." आणि डावं-उजवं त्यांना कळतच नसे. चाळीचा आतला भाग, जिकडे संडास आहेत, तो त्यांच्या लेखी स्टेज. रस्त्याकडचा तो गेट. "सूनबाई, तुझा दूधवाला गेटकडे उभा आहे." "वहिनी, तुमची मांजर स्टेजकडे गेली." पुढे पुढे सगळी चाळच तसं बोलायला लागली. नवीन माणूस पत्ता विचारत आला की पोरंसोरंसुद्धा सांगायची, स्टेजकडून तिसरी खोली.

त्यांची आणखी एक रीत होती. कुठली ऑर्डर घेतली की आदल्या दिवशी ते एकटेच जाऊन त्या मैदानात एक खुर्ची ठेवून यायचे. नुसती एक रिकामी खुर्ची. मी एकदा सासूबाईंकडून विचारवलं, कशाला? मी स्वतः त्यांच्याशी बोलायची नाही. मला कोणाशीच फारसं बोलता येत नाही. ते म्हणाले, "जागा धरायला. खुर्ची दिसली की लोकांना कळतं, कोणीतरी येणार आहे."

मग लॉकडाऊन लागला.

आमचे हे कल्याणला शहाडच्या बाजूला एका बेकरीत कामाला. गाड्या बंद झाल्या त्या दिवशी ते कामावर होते, ते तिकडेच राहिले. बेकरी चालू होती, मालकाने सांगितलं, गेलास तर परत येता येणार नाही, मग नोकरी धरू नकोस. मैद्याच्या पोत्यांवर झोपायचे. रोज संध्याकाळी फोन. "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "पाव." पहिल्या दिवशी हसलो आम्ही. दोन महिने झाल्यावर हसू येईना. त्यांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता.

घरात मी आणि सासूबाई. त्यांना गुडघ्यांनी चालवत नाही. बाहेर रुग्णवाहिका वाजली की आम्ही दोघी गप्प बसायचो, ती कुठे थांबते ते ऐकत. चार घरं पुढे गेली की मग श्वास.

त्या दिवसांत काकांनी एक सुरू केलं. सकाळी सहाला आमच्या मधल्या भिंतीवर दोन टकटक. सासूबाई काठीने दोन टकटक परत करायच्या. म्हणजे इकडे ठीक, तिकडे ठीक. संध्याकाळी मी काकांचं ताट त्यांच्या उंबऱ्यावर ठेवायची. ते आपल्या दारात स्टुलावर बसून जेवायचे आणि सासूबाईंशी भांडायचे.

मांडवाचं काम तर थांबलंच. पण जिथे पेशंट सापडेल ती गल्ली बांबू बांधून बंद करायचे, आणि बांबू बांधणार कोण? काकांना बोलावणं यायला लागलं. लोक त्यांना शिव्या द्यायचे. काका खाली मान घालून बांधायचे आणि घरी येऊन सांगायचे, "माझी गाठ एका हिसक्यात सुटते. आत माणसं आहेत, गुरं नाहीत."

सासूबाई म्हणायच्या, "लग्नाचे मांडव घालणारा तू, आता लोकांना कोंडत फिरतोस."

"तेच बांबू आहेत वहिनी."

पावसाळा लागला तेव्हा ह्यांनी मोहन्याला एक खोली बघितली. बेकरीपासून सायकलीने वीस मिनिटं. घरमालकीण भली होती, पण म्हणाली, पुढच्या रविवारपर्यंत सामान घेऊन या, नाहीतर दुसरे लोक तयार आहेत. यांना बेकरी सोडता येत नव्हती. सामान हलवायला पोलीस चौकीचा कागद लागत होता, डॉक्टरचा दाखला लागत होता, टेम्पो लागत होता. आणि आमच्या मागच्या चाळीत दोघांना ताप आला होता. आपली गल्ली बंद झाली तर चौदा दिवस गेले, खोली गेली, आणि हे पोत्यांवरच राहिले.

सासूबाईंनी काकांना सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "बरं. ऑर्डर घेतली."

दुसऱ्या दिवशी ते खडू, सुतळीचा गुंडा आणि एक वही घेऊन दारात हजर. तोंडाला गमछा, पायात मोजे. "आधी खुणा, मग दोऱ्या," म्हणाले आणि त्यांनी आमच्या घराला नंबर घालायला सुरुवात केली.

पोळपाट, नग सात. लाटणं, नग आठ. मी म्हणायला गेले की पोळपाट-लाटणं एकच धरा, पण शब्द तोंडातच राहिला. माझ्या शिलाई मशीनला नंबर. लोणच्याच्या बरणीला नंबर. साड्यांच्या गाठोड्यावर त्यांनी लिहिलं, "झालर, नग चोवीस." प्रत्येक नगावर बाणही काढले, स्टेजकडे की गेटकडे. स्वयंपाकाचा ओटा म्हणजे स्टेज. सासूबाईंच्या खाटेवर लिहिलं, "स्टेज, पहिली रांग, मान्यवर."

त्यांच्या काठीला नंबर घातला तेव्हा सासूबाई चिडल्या. "आता मलाही घाल नंबर, मेल्या."

काका अगदी गंभीर होऊन म्हणाले, "माणसं नंबरात येत नाहीत वहिनी. माणसं पाहुणे."

शेवटचा नग पाण्याचा निळा ड्रम. चौऱ्याऐंशी. वहीखाली त्यांनी रेघ मारली.

हे झालं रविवारी. सोमवारी ते चौकीत अर्ज आणि आमचे दाखले घेऊन गेले. दुपारी आले, म्हणाले, साहेब नव्हते. मंगळवारी शिक्का नव्हता. बुधवारी, "उद्या बघू म्हणाले." आम्ही बांधलेल्या घरात राहत होतो. डाव पाहिजे तर नग एकतीस सोडायचा, भाजी ढवळायची, की काका येऊन परत गाठ मारणार. "कोणी बांधली ही गाठ? ही काय गाठ आहे? ही बुटाची गाठ आहे." सासूबाई दोन दिवस पांघरुणाशिवाय झोपल्या, कारण पांघरूण नग साठमध्ये होतं आणि ते सोडलं तर एकसष्ट पडला असता.

संध्याकाळी फोनवर हे विचारायचे, "कागद आला?" मी म्हणायची, "उद्या." एकदा ते म्हणाले, "तू स्वतः जाऊन विचार ना." त्यांना माहीत आहे मी कशी आहे. मग तेच म्हणाले, "असू दे. धोंडूकाका आहेत."

गुरुवारी दुपारी काकांनी शर्ट दिला. खिसा उसवला होता. मशीन बांधलेली, म्हणून मी हाताने टाके घालायला बसले. खिशात काहीतरी कडक लागलं. आठ घड्या घातलेला कागद होता.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. वाचायला वेळ लागतो, पण येतं. वर शिक्का होता. मग माझं नाव होतं, सासूबाईंचं नाव, टेम्पोचा नंबर, दिवा ते मोहने. खाली मुदत, शनिवार संध्याकाळपर्यंत. आणि सहीखाली तारीख. ती मी तीनदा वाचली. सोमवारची होती.

चार दिवस कागद काकांच्या छातीवर होता. चार दिवस मी रुग्णवाहिका मोजत होते. पलीकडे सासूबाई डुलक्या घेत होत्या. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी चाळ डोक्यावर घेतली असती. मला राग आला होता, पण राग आला तरी बोलायचं कसं ते मला लहानपणापासून कळलेलं नाही. मी टाके घालत बसले. खिसा इतका घट्ट शिवला की फाटला असता तर शर्ट फाटला असता, खिसा नाही.

मग मी दुधाची रिकामी पिशवी धुऊन पुसली, त्यात तो कागद घातला, परत खिशात ठेवला. संध्याकाळी ताटासोबत शर्ट नेला. एरवी मी ताट ठेवून मागे वळते. त्या दिवशी उभी राहिले.

"काका," मी म्हणाले. "खिशात कागद होता. पावसात भिजायला नको म्हणून पिशवीत घातलाय."

त्यांनी मान वर केली नाही. भाताचा घास हातात तसाच. तो ताटात परत ठेवून म्हणाले, "बरं केलंस."

त्या दिवशी ते सासूबाईंशी भांडले नाहीत.

शुक्रवारी सकाळी सहाला भिंतीवर टकटक झाली नाही. शिट्टी वाजली. मांडव सोडतानाची त्यांची शिट्टी, ओठांत दोन बोटं घालून. मी दार उघडलं तर टेम्पो गेटकडे उभा, मागचं झाकण पाडलेलं, आणि काका पोटाला सुतळीचा गुंडा बांधून तयार.

"नग एक," ते म्हणाले.

ते आणि ड्रायव्हर, दोघांनी दीड तासात घर उचललं. एकदाही आवाज चढला नाही. एक शिट्टी म्हणजे उचल, दोन म्हणजे टेक. जड आधी, हलकं वर, काचेचं सामान गाद्यांच्या पोटात. चाळीतले लोक आपापल्या दारात उभे राहून बघत होते. जवळ कोणी आलं नाही, तेव्हा येतच नसत.

सात वाजता काकांचा फोन वाजला. ते "हो साहेब, हो साहेब" म्हणाले आणि फोन ठेवून माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाले, "मागच्या चाळीतल्या दोघांचा रिपोर्ट आला. गल्ली बंद करायची. बांबू निघालेत."

मी पुढे कितीदा तरी हिशेब लावलाय. फोन सातला आला. शिट्टी सहाला वाजली होती.

शेवटी ड्रम राहिला. गळ्यापर्यंत भरलेला. आदल्या दिवशी टँकर आला होता. ड्रायव्हर म्हणाला, ओता, नाहीतर चढणार नाही. सासूबाई दारात काठी आडवी धरून उभ्या राहिल्या. "दिव्यात भरला ड्रम ओतायचा? मी बघते कोण ओततो ते."

"वहिनी, गल्ली बंद होतेय. वेळ नाही."

"मग तुझ्या दारात सरकव. चौदा दिवस तुला पाणी कोण देणार आहे, तुझे साहेब?"

काका ड्रमकडे बघत राहिले. मग वही काढली, चौऱ्याऐंशीवर काट मारली आणि आमचा ड्रम तिरका करून, गोल गोल फिरवत आपल्या दाराशी नेला. एक थेंब सांडला नाही.

बांबूंची गाडी आली तेव्हा आम्ही दोघी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. काकांनी मागची शेवटची दोरी आवळली, नग परत एकदा मोजून घेतले आणि खिडकीशी येऊन वहीतलं फाडलेलं पान, दाखले, परवानगीची दुधाची पिशवी आणि शेवटी एक कागदाची पुडी माझ्या हातात दिली. "पुडी तिकडे गेल्यावर सोड." मग म्हणाले, "उशीर झाला सूनबाई. सोडताना हात जड होतो."

सासूबाईंना वाटलं ते टेम्पोबद्दल बोलतायत. म्हणाल्या, "वय झालं तुझं."

टेम्पो गल्लीच्या तोंडाबाहेर पडला. आरशात मला दिसत होतं. ते बांबू आडवे लावत होते. बाकीचे कामगार बाहेरच्या बाजूने बांधत होते. काका आतून बांधत होते.

कटई नाक्यावर पोलिसाने थांबवलं. पावसाची भुरभुर होती. मी पिशवीतला कागद दिला. त्याने तो वाचला, मग मागे जाऊन ताडपत्री उचलून बॅटरी मारून सामान बघितलं. "हे काय? स्टेज, गेट, मान्यवर. नाटक कंपनी आहे का?"

"स्टेज म्हणजे चूल," सासूबाई म्हणाल्या. "आणि मान्यवर मी."

तो हसला नाही. कागद परत वाचायला लागला. "परवानगी सोमवारची आहे. आज शुक्रवार. दिव्यात पेशंट वाढत असताना चार दिवस काय करत होता?"

सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. ड्रायव्हर बघत होता. पोलीस बघत होता. त्याने कागद ठेवून घेतला असता तर मागे गल्ली बंद होती आणि पुढे रस्ता.

"आवरत होतो," मी म्हणाले. "बायकांचं घर. आवरेना." आणि दोघींचे ताप नसल्याचे दाखले पुढे केले.

त्याने आम्हाला थोडं न्याहाळलं, आणि कागद परत दिला. "जा. तिकडे गेल्यावर चौदा दिवस घराबाहेर पडू नका."

डोंबिवली मागे पडेपर्यंत सासूबाई समोरचा रस्ता बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुला माहीत होतं."

"कालपासून."

"मेला," त्या म्हणाल्या. "माझा लेक तिकडे पोत्यावर झोपतोय आणि हा कागद दाबून बसला." पदराने तोंडावरचं फडकं नीट केलं. पत्री पूल आला, गेला. शहाडच्या अलीकडे त्या एकदम म्हणाल्या, "उद्या सकाळी सवयीने टकटक करील. आणि भिंत गप्प."

मोहन्याला हे गल्लीच्या कोपऱ्यावर उभे होते. अंगावर मैदा, गालफडं आत गेलेली. जवळ आले नाहीत, येऊ दिलं नाही मी. पंधरा दिवस ते बेकरीतच झोपणार होते, पण रोज संध्याकाळी खिडकीखाली येऊन पाव ठेवता येणार होता, आणि ते दिसणार होते. नुसतं दिसणं केवढं असतं ते मला तेव्हा कळलं.

ड्रायव्हरने आणि यांच्या बेकरीतल्या एकाने सामान उतरवून दाराशी ठेवलं. मी काकांच्या वहीतला फाडलेला कागद घेऊन एकेक नग आत घेतला. बाण बघून ठेवला. ओटा स्टेज, दार गेट. ऐंशी, एक्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी. ड्रम मागे राहिला होता, म्हणजे संपलं. पण दाराशी अजून एक नग होता. लाकडी स्टूल, चारी पायांना सुतळी गुंडाळलेली. बैठकीच्या खालच्या बाजूला खडूने लिहिलेलं, चौऱ्याऐंशी. बाण गेटकडे.

ते काकांचं जेवायला बसायचं स्टूल होतं.

मी पुडी सोडली. आत सहा खिळे होते, नवे.

संध्याकाळी काकांचा फोन आला. सासूबाईंचा डोळा लागला होता, म्हणून मला घ्यावा लागला. "पोहोचलात? बरणी फुटली नाही ना? खिळे ठोका. घट्ट ठोका." मग खाकरले. "एक नग चुकून जास्त गेलाय बहुतेक. गडबडीत होतं असं. पाठवायची घाई नाही."

मला वाटलं नेहमीसारखी गप्प राहीन. "असू दे काका इथेच," मी म्हणाले. "जागा धरायला."

पलीकडून पंख्याचा आवाज तेवढा आला, त्यांच्या खोलीतल्या.

"गेटकडे ठेव," ते म्हणाले. "वारा येतो तिथे."

गाड्या सगळ्यांसाठी सुरू होईपर्यंत पुष्कळ महिने गेले. त्या स्टुलावर कोणी बसलं नाही. सासूबाई बसू द्यायच्या नाहीत. हे एकदा बूट घालायला टेकले तर काठी बसली. रोज सकाळी सहाला फोन वाजायचा, दोन वेळा, आणि बंद व्हायचा. सासूबाई इकडून दोन वेळा वाजवून बंद करायच्या. पैसे लागत नाहीत म्हणायच्या.

मग एका रविवारी काका आले, पिशवीत सुतळीचा गुंडा घेऊन. आधी भिंतींकडे बघितलं. खिळे मोजले. कॅलेंडर, आरसा, तसबीर, यांचा शर्ट, पिशवी, काठी. "सहा," ते म्हणाले. "बरे ठोकलेत." मग स्टूल उलटं करून नंबर बघितला, सरळ केलं, आणि बसले. सासूबाई म्हणाल्या, "किती वाळलास रे मेल्या," आणि संध्याकाळपर्यंत दोघं भांडत होते.

ते अधूनमधून येतात. कधी सांगून येत नाहीत. फरशी पुसताना मी स्टूल उचलते, ओला हात लागतो, खालचा आकडा पुसट होतो. मग मी खडू घेते आणि तो परत गिरवते.